स्मॉलफाइल की बिगफाइल? फाइलच्या आकारावर जाऊ नका

प्रश्न थोडक्यात असा आहे : नागपूरच्या वाडीतल्या एका वाहतूक कंपनीचा ओरॅकल १९सी डेटाबेस नुकताच तुमच्याकडे आलाय. आधीच्या माणसाने काहीही लिहून ठेवलेलं नाही. डेटाच्या फोल्डरमध्ये बऱ्याच फाइल्स ३२ जीबीच्या जरा आत आहेत, एक फक्त १२ जीबीची आहे पण तिच्या नावात 'बिग' आहे. त्यातली एक फाइल ४० जीबी करायला गेलात तर ओआरए-०११४४ हा एरर आला. आता साहेब विचारतायत की आपल्या फाइल्स लहान पत्त्याच्या आहेत की मोठ्या (ओरॅकलच्या भाषेत स्मॉलफाइल की बिगफाइल), आणि लहान असतील तर सगळ्या मोठ्या करून टाकायच्या का. सोबत एक जुना मायएसक्यूएल सर्व्हरही आहे, त्याचंही तुम्ही विचारलंय.

आधी उत्तर, मग कारणं.

फाइल पाहून हे कळत नाही. नाव, आकार, एक्स्टेन्शन, कशावरूनही नाही (आकाराचा एक अपवाद आहे, तो पुढे सांगतो). कारण ओरॅकलमध्ये स्मॉलफाइल किंवा बिगफाइल हा गुण फाइलचा नाहीच, तो टेबलस्पेसचा आहे, म्हणजे टेबलं ठेवायच्या त्या कप्प्याचा, जो एक किंवा अनेक फाइल्सचा बनतो. टेबलस्पेस बनवताना तो एकदा ठरतो आणि नंतर बदलत नाही. म्हणून विचारायचं ते डिक्शनरीला, म्हणजे ओरॅकल स्वतःबद्दलची माहिती ठेवतो त्या व्ह्यूंना :

सिलेक्ट टेबलस्पेस_नेम, ब्लॉक_साइझ, बिगफाइल फ्रॉम डीबीए_टेबलस्पेसेस;

'बिगफाइल' कॉलममध्ये येस किंवा नो येईल. विषय तिथेच संपतो. ब्लॉक_साइझ (फाइल ज्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत वापरली जाते त्या तुकड्याचा, म्हणजे ब्लॉकचा आकार) मी मुद्दाम सोबत घेतोय, कारण कमाल मर्यादा त्यावर ठरते आणि एकाच डेटाबेसमध्ये वेगवेगळ्या ब्लॉकचे टेबलस्पेस असू शकतात. 'आपला तर ८के आहे' असं धरून चालणारे पुष्कळ भेटतात, आणि एखादा १६के चा टेबलस्पेस कोपऱ्यात निघतोच.

दोन गोष्टी सांभाळा. १९सी असल्यामुळे बहुतेक कंटेनर आणि प्लगेबल अशी रचना असेल, म्हणजे एका मूळ डेटाबेसच्या (रूट) पोटात वेगवेगळे डेटाबेस. वरची क्वेरी तुम्ही ज्या कंटेनरमध्ये उभे आहात तेवढ्याचंच सांगते. रूटमध्ये उभे राहून चालवलीत तर सिस्टिम, सिसऑक्स, टेम्प वगैरे दिसतील आणि कंपनीचा डेटा कुठे गेला असा प्रश्न पडेल. तिथे सीडीबी_टेबलस्पेसेस घ्या आणि कॉन_आयडी कॉलम सोबत ठेवा. दुसरं, डेटाबेस नुसता माउंट झालेला असेल, उघडत नसेल, तर डीबीए वाले व्ह्यू चालणार नाहीत. तेव्हा व्ही-डॉलर-टेबलस्पेस वापरा. तो कंट्रोल फाइलमधून वाचतो आणि त्यातही बिगफाइल नावाचाच कॉलम आहे. रात्री रिस्टोअर करताना नेमकी हीच वेळ येते, म्हणून सांगून ठेवतोय.

आता तुमचा ओआरए-०११४४. तो म्हणतो की फाइल ५२४२८८० ब्लॉकची मागताय आणि मर्यादा ४१९४३०३ ब्लॉकची आहे. ४० जीबी भागिले ८ केबी केलंत तर बरोबर ५२,४२,८८० येतात. आणि मर्यादेत एक मिळवला की येणारे ४१,९४,३०४ म्हणजे २ चा २२ वा घात. हा २२ कुठून आला ते समजलं की पुढचं सगळं सोपं होतं.

ओरॅकलमध्ये प्रत्येक ओळीला रोआयडी असतो, म्हणजे तिचा पत्ता. १९९७ मध्ये आलेल्या ओरॅकल ८ पासून तो १० बाइटचा आहे. त्यात ३२ बिट ऑब्जेक्टचे, १० बिट फाइलचे, २२ बिट ब्लॉकचे आणि १६ बिट ब्लॉकमधल्या ओळीचे. स्मॉलफाइलमध्ये ब्लॉक मोजायला २२ च बिट आहेत, म्हणून एका फाइलमध्ये ४१ लाख ९४ हजारांच्या वर ब्लॉक नाहीत. ८के ब्लॉक असेल तर ३२ जीबी, १६के असेल तर ६४, ३२के असेल तर १२८ जीबी. फाइलला १० बिट, म्हणून एका टेबलस्पेसमध्ये कमाल १०२२ फाइल्स.

ओरॅकल १०जी मध्ये बिगफाइल आलं तेव्हा रोआयडीची लांबी एका बिटानेही वाढवली नाही. एका टेबलस्पेसमध्ये एकच फाइल ठेवायची असं ठरलं की फाइल नंबरचे १० बिट रिकामेच पडतात. ते ब्लॉकच्या २२ ला जोडले, झाले ३२. आपल्या नागपुरात पत्ता सांगतात तसं समजा : अमुक लेआउट, प्लॉट नंबर तमुक. स्मॉलफाइल म्हणजे हजारभर लेआउट आणि प्रत्येकात मोजके प्लॉट. बिगफाइल म्हणजे एकच अफाट लेआउट, फक्त प्लॉट नंबर सांगायचा.

यातून एक गोष्ट निघते जी साहेबांना नीट सांगा. मोठा पत्ता म्हणजे टेबलस्पेसमध्ये जास्त जागा, असं नाही. ८के ब्लॉकवर बिगफाइलची एक फाइल ३२ टीबीपर्यंत जाते. स्मॉलफाइलच्या १०२२ फाइल्स प्रत्येकी ३२ जीबीच्या धरल्या तर बेरीज जवळपास तेवढीच होते. बिट तेच ३२, फक्त फोड वेगळी. फरक पडतो तो फाइल्सच्या संख्येत. डेटाबेसमध्ये एकूण किती फाइल्स चालतील हे ठरवणारा डीबी_फाइल्स हा पॅरामीटर डिफॉल्टने २०० असतो. ३२ जीबीच्या २०० फाइल्स म्हणजे ६४०० जीबी, आणि तिथे ओआरए-०००५९ येऊन दार बंद. तो पॅरामीटर वाढवायला इन्स्टन्स रीस्टार्ट लागतो. स्मॉलफाइलवाल्यांना खरी टोचणी होते ती इथे, २२ बिटांमुळे नव्हे.

डिक्शनरीचं उत्तर पडताळून पाहायचं असेल तर डीबीए_डेटा_फाइल्समध्ये दोन कॉलम बघा. पहिला रिलेटिव्ह_एफएनओ. बिगफाइलच्या फाइलला तिथे १०२४ दिसतो. दहा बिटांत १०२३ च्या पुढे मोजताच येत नाही, म्हणजे १०२४ हा खरा फाइल नंबर नसून खूण आहे. दुसरा मॅक्सबाइट्स. ऑटोएक्स्टेंड (भरत आली की फाइल आपोआप वाढणं) चालू असेल आणि मॅक्ससाइझ अनलिमिटेड दिलं असेल, तर ८के च्या स्मॉलफाइलला ३४३५९७२१९८४ दिसतं आणि बिगफाइलला ३५१८४३७२०६४२५६. 'अनलिमिटेड' लिहूनही ३२ जीबीलाच थांबते ती फाइल, हे लोकांना टेबलस्पेस भरल्यावर कळतं. अर्थात ऑटोएक्स्टेंड बंद असेल तर मॅक्सबाइट्स शून्य असतं, आणि कोणी मॅक्ससाइझ १० जीबी टाकून ठेवलं असेल तर १० जीबीच दिसेल. तेव्हा हा कॉलम साक्षीला बोलवायचा, निकाल त्याच्यावर द्यायचा नाही.

टेम्प टेबलस्पेसच्या फाइल्स या व्ह्यूमध्ये नसतात, त्या डीबीए_टेम्प_फाइल्समध्ये. तुमच्या फोल्डरमध्ये एखादी टेम्पची फाइल यादीत भलीमोठी दिसत असेल आणि डिस्कवर मात्र तेवढी जागा गेलेली नसेल, तर घाबरू नका. लिनक्सवर टेम्पफाइल स्पार्स बनते. आकार सांगितला जातो, जागा वापराप्रमाणे लागते. पत्त्याच्या प्रकाराशी त्याचा काही संबंध नाही.

आता ज्या जागी अनुभवी माणसंही गफलत करतात ती जागा. रोआयडी फोडायला डीबीएमएस_रोआयडी नावाचं पॅकेज आहे. त्यातलं रोआयडी_ब्लॉक_नंबर हे फंक्शन रोआयडीसोबत आणखी एक आर्ग्युमेंट घेतं, टेबलस्पेसचा प्रकार. ते दिलं नाही तर डिफॉल्टने 'स्मॉलफाइल' धरलं जातं. फंक्शनला बिचाऱ्याला फक्त दहा बाइट मिळालेले असतात, त्या ३२ बिटांची फोड कुठे करायची हे बाइटवरून कळत नाही. बिगफाइल टेबलस्पेसमधली ओळ दिलीत आणि आर्ग्युमेंट विसरलात, तर एरर येत नाही. चुकीचं उत्तर येतं, तेही अगदी ठामपणे.

उदाहरण घ्या. बिगफाइलमधल्या ५०,००,००० व्या ब्लॉकमधली ओळ आहे. 'बिगफाइल' सांगून विचारलं तर ५०,००,००० मिळेल. न सांगता विचारलं तर खालचे २२ बिटच ब्लॉक म्हणून धरले जातात : ५०,००,००० वजा ४१,९४,३०४, म्हणजे ८,०५,६९६. आणि वर उरलेला १ फाइल नंबर म्हणून बाहेर येतो. फाइल १, ब्लॉक ८,०५,६९६. किती साळसूद उत्तर आहे बघा! फाइल १ तर डेटाबेसमध्ये असतेच, सिस्टिमची. करप्ट ब्लॉक शोधताना किंवा ब्लॉक डंप काढताना हा पत्ता घेऊन गेलात तर भलत्याच घराची कडी वाजवाल. शिवाय टेबल लहान असताना, म्हणजे पहिल्या ४१ लाख ब्लॉकच्या आत, ब्लॉक नंबर बरोबरच येतो आणि फाइल नंबर शून्य येतो. म्हणून चाचणीत स्क्रिप्ट पास होते आणि टेबलस्पेस ३२ जीबी ओलांडून गेल्यावर खोटं बोलायला लागते. तुमच्याकडे वारशाने आलेल्या स्क्रिप्ट्समध्ये डीबीएमएस_रोआयडी शोधा आणि प्रत्येक ठिकाणी प्रकाराचं आर्ग्युमेंट आहे का बघा. मला विचाराल तर स्मॉलफाइल की बिगफाइल हे जाणून घेण्याचं सगळ्यात मोठं व्यावहारिक कारण हेच.

नावात 'बिग' असलेली ती १२ जीबीची फाइल खरोखर बिगफाइल असू शकते, किंवा कोणीतरी नुसतं नाव दिलेलं असू शकतं. बिगफाइल टेबलस्पेस १०० एमबीचाही बनवता येतो. उलट दिशेने मात्र आकाराचा उपयोग आहे : ८के ब्लॉकची फाइल ३२ जीबीच्या वर दिसली, तर ती बिगफाइलच. ३२ च्या खाली काहीच सिद्ध होत नाही.

डिफॉल्टबद्दलही एक गैरसमज ऐकू येतो. डेटाबेस_प्रॉपर्टीज या व्ह्यूमध्ये डिफॉल्ट_टीबीएस_टाइप अशी एक ओळ आहे. तिथे बिगफाइल लिहिलेलं पाहून 'आपला डेटाबेस बिगफाइल आहे' असं कोणी सांगत असेल तर थांबवा. यापुढे प्रकार न सांगता टेबलस्पेस बनवला तर कोणता बनेल, एवढंच ती ओळ सांगते. आधीचे आहेत तसेच राहतात. २३एआय या नंतरच्या आवृत्तीत सिस्टिम, सिसऑक्स आणि युजरचे टेबलस्पेस डिफॉल्टने बिगफाइल झालेत. तुम्ही १९सी वर आहात, तिथे कोणी मुद्दाम बदललं नसेल तर स्मॉलफाइल.

आणि एक अगदीच वरवरचं, पण विचारणारे असतात म्हणून : पेनड्राइव्हवर कॉपी करताना फाइल ४ जीबीला अडकली म्हणजे ती 'लहान पत्त्याची' असं नाही. ती एफएटी३२ ची मर्यादा आहे, ओरॅकलचा त्यात दोष नाही. आणि चालू डेटाबेसची फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करणं हा बॅकअप नाही, तेही ओघाने सांगतो.

काही जण प्रयोग करून ठरवतात. टेबलस्पेसला दुसरी फाइल जोडून पाहायची. ओआरए-३२७७१ आला तर बिगफाइल. किंवा ऑल्टर टेबलस्पेस रिसाइझ चालवायचं; ओआरए-३२७७३ आला तर स्मॉलफाइल. उत्तर बरोबर मिळतं, पण एरर आला नाही तर प्रॉडक्शनमध्ये तुम्ही एक नको असलेली फाइल जोडून बसलेले असता. एका सिलेक्टमध्ये जे कळतं त्यासाठी ऑल्टर कशाला?

सगळ्या मोठ्या करून टाकायच्या का? तुम्ही सांगितलेल्या फाइल्सची बेरीज अर्ध्या टीबीच्याही आत असावी असं वाटतं. एवढ्यासाठी मी हात घालणार नाही. आज तुम्हाला जागा हवी आहे, तर त्याच टेबलस्पेसमध्ये आणखी एक फाइल जोडा, ऑटोएक्स्टेंड चालू करा, ३२ जीबीची मर्यादा मान्य करा. पाच मिनिटांचं काम. सोबत डीबी_फाइल्स किती आहे ते बघून ठेवा आणि पुढच्या नियोजित बंदच्या वेळी वाढवा.

बदलायचंच ठरलं तर हे ध्यानात घ्या की जागच्या जागी स्मॉलफाइलचं बिगफाइल होत नाही. ऑल्टर डेटाबेस मूव्ह डेटाफाइल ही १२सी पासूनची कमांड फक्त फाइलची जागा बदलते, प्रकार नाही. नवा बिगफाइल टेबलस्पेस बनवायचा आणि एकेक टेबल तिकडे न्यायचं. एंटरप्राइझ एडिशन असेल तर १२.२ पासून मूव्ह ऑनलाइन मिळतं. स्टँडर्ड असेल तर बंद वेळ काढावी लागेल आणि इंडेक्स नंतर रिबिल्ड करावे लागतील. लॉब कॉलम (मोठा मजकूर, चित्रं वगैरे साठवणारे) वेगळे सांगून हलवावे लागतात. ते विसरले की जुना टेबलस्पेस रिकामा होत नाही आणि माणूस दिवसभर शोधत बसतो. डेटा पंप या ओरॅकलच्या एक्स्पोर्ट-इम्पोर्टच्या साधनाने एक्स्पोर्ट करून रीमॅप_टेबलस्पेस देणं हा दुसरा रस्ता, लहान डेटाबेसला तो बरा.

टेबल हललं की प्रत्येक ओळीचा रोआयडी बदलतो. कोणा डेव्हलपरने रोआयडी दुसऱ्या टेबलात साठवून ठेवला असेल, तर तो पत्ता त्याच क्षणी मेला. आधी डीबीए_टॅब_कॉलम्समध्ये डेटा_टाइप रोआयडी असलेले कॉलम शोधा. वाहतुकीच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, बिल्टी ते बिल असा दुवा वेगात मिळावा म्हणून, असले उद्योग केलेले मी पाहिलेत. १८ अक्षरी व्हारचार कॉलममध्येही तो लपलेला असू शकतो. आणि मजकूर १८ अक्षरांचाच पण बिंदूंनी तीन भागांत तोडलेला दिसला, तर तो ओरॅकल ७ च्या काळातला ६ बाइटचा जुना रोआयडी. तसलं काही सापडलं तर आधी ॲप्लिकेशनवाल्यांना गाठा, टेबल नंतर.

बिगफाइलचे स्वतःचेही नखरे आहेत. फाइल सिस्टिमला तेवढी मोठी फाइल झेपली पाहिजे : ४के ब्लॉकच्या ईएक्सटी३ वर २ टीबी, ईएक्सटी४ वर १६ टीबी. बॅकअपला आरमॅन (ओरॅकलचं बॅकअपचं साधन) एका फाइलला एक चॅनल लावतो, त्यामुळे चार चॅनल दिले तरी तीन रिकामे बसतात. सेक्शन साइझ दिलंत तरच फाइलचे तुकडे होऊन सगळे कामाला लागतात. ही सोय ११जी पासून आहे, पण जुन्या बॅकअप स्क्रिप्टमध्ये ती ओळ नसते. मे महिन्यात दुपारी सर्व्हर रूमचा एसी बसला आणि डिस्क गेली, तर ३२ जीबीची एक फाइल परत आणणं आणि ६ टीबीची एक फाइल परत आणणं यातला फरक नागपूरकरांना वेगळा समजवायला नको.

आता मायएसक्यूएल. तिथे टेबल कसं साठवायचं ते इंजिन ठरवतं, मुख्य दोन : इनोडीबी आणि जुनं मायआयसॅम. टेबल इनोडीबी असतील तर लहान-मोठा असा भेदच नाही. पेज (ओरॅकलच्या ब्लॉकसारखा तुकडा) नंबर ३२ बिटांचा आणि १६के च्या पेजवर एका टेबलस्पेसची मर्यादा ६४ टीबी. तुमच्या सर्व्हरच्या वयावरून मात्र मायआयसॅम असण्याची शक्यता दाट. तिथे तुमचा प्रश्न अक्षरशः लागू पडतो, कारण प्रत्येक टेबलाचा पॉइंटर, म्हणजे ओळीचा पत्ता, किती बाइटचा हे टेबल बनवताना ठरतं. ५.०.६ च्या आधी डिफॉल्ट ४ बाइट होता, नंतर ६. सर्व्हर अपग्रेड केला तरी जुन्या टेबलांचा पॉइंटर ४ च राहतो.

शो टेबल स्टेटस चालवा आणि मॅक्स_डेटा_लेंग्थ बघा. ४२९४९६७२९५ दिसलं तर ४ बाइट, म्हणजे ४ जीबीची मर्यादा, आणि ती आली की 'द टेबल इज फुल', एरर १११४. २८१४७४९७६७१०६५५ दिसलं तर ६ बाइट, म्हणजे २५६ टीबी, काळजी सोडा. पण हे आकडे ओळींची लांबी बदलती असते त्या टेबलांचे, ज्यांच्या रो_फॉरमॅटमध्ये डायनॅमिक लिहिलेलं असतं. फिक्स्ड असेल तर पॉइंटर बाइट मोजत नाही, ओळी मोजतो, म्हणून मर्यादेला ओळीच्या लांबीने गुणलं जातं. १०० बाइटची ओळ असेल तर ४ बाइटच्या पॉइंटरवरही मॅक्स_डेटा_लेंग्थ ४२९ अब्जांच्या घरात दिसेल आणि तुम्ही त्याला मोठ्या पत्त्याचं टेबल समजाल. खात्री हवी असेल तर टेबल कोणी वापरत नसताना मायआयसॅमचेक उणे-डीव्हीव्ही चालवा. त्यात 'डेटाफाइल पॉइंटर' समोर बाइटचा आकडा सरळ लिहिलेला असतो.

मायएसक्यूएलमध्ये हा पत्ता मोठा करता येतो. ऑल्टर टेबल देऊन मॅक्स_रोज मोठा टाका आणि अ‍ॅव्हरेज_रो_लेंग्थ द्या. मात्र त्यात अख्खं टेबल नव्याने लिहिलं जातं आणि तोवर त्यात कोणाला लिहिता येत नाही. ४ जीबीला टेकलेल्या टेबलासाठी आणखी तेवढीच जागा डिस्कवर मोकळी हवी, इंडेक्सची वेगळी. हे आधी तपासा. आणि एवढं लिहून काढायचंच आहे तर त्याच खेपेत इंजिन इनोडीबी करता येतं का, हे ॲप्लिकेशनवाल्यांना विचारून घ्या. जुन्या आवृत्तीवर फुलटेक्स्ट इंडेक्स असेल तर अडेल, कारण इनोडीबीला तो ५.६ पासून मिळाला.